तळं पितंय कोण?

"आता मेलो तरी उचलणार नाही!" ढब्बूने दुसऱ्या मजल्यावर बादली आदळली. तांदूळ धुतलेलं पाणी हिंदकळून थेट मुंगीच्या चपलेत गेलं.

ओरडायचंही मुंगीच्या जिवावर आलं. सुट्टीचा नववा दिवस! बाकीची मुलं दहा-दहापर्यंत लोळत होती. ती, तिचा धाकटा भाऊ ढब्बू आणि तळमजल्यावरचा त्यांचा मित्र प्रोफेसर मात्र घरोघरचं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गोळा करून इमारतीमागच्या तळ्यात ओतत होती. तळ्यात बेडकांची शेकडो पिल्लं होती, शेपटीवाली, काळीभोर. पाय फुटून बाहेर पडेपर्यंत पाणी टिकलं तर ती जगणार, नाहीतर संपलंच.

बाहेर वसंत नुसता उतू चालला होता. झाडांना तांबूस पालवी फुटली होती, मधमाश्यांना उसंत नव्हती. मुंगीला हे सगळं फार आवडायचं. पण बघायला मान वर करावी लागते, आणि तिची मान भरून आली होती.

दोघं कशीबशी तळ्यापाशी पोचली. "चार बोटं खाली!" पाणी मोजायला दगडावर केलेल्या नेलपॉलिशच्या खुणेपाशी प्रोफेसर ओरडला. हा पठ्ठ्या वहीशिवाय शिंकतसुद्धा नसे. "काल आपण चोवीस बादल्या ओतल्या, तरी पाणी कमी!"

"मग तळं पितंय कोण?" ढब्बूने विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं झुडपामागे दबा धरून बसली. जांभया देत माळीकाका आले आणि त्यांनी मोटारीचं बटण दाबलं. घुर्रर्र! वेलीखाली लपलेला पाइप तळ्यातलं पाणी ओढू लागला आणि पुढचं लॉन भिजू लागलं.

"काका, हे काय?"

माळीकाका ओशाळले. "मी हुकमाचा ताबेदार, पोरांनो. सेक्रेटरीसाहेबांनी नळ बंद ठेवायला सांगितलाय."

सेक्रेटरीकाकांनी तर छाती फुगवून फॉर्मच दाखवला. "हरित वसाहत स्पर्धा! 'नळाचं पाणी किती वाचवलं?' आपण लिहिलंय, शंभर टक्के! उद्या परीक्षकबाई येणार."

"पण काका, तळ्यातले बेडूक..."

"फॉर्ममध्ये बेडकांचा रकाना नाही! जा, खेळा."

मुंगी पायरीवर मटकन बसली. तिला रडूच आलं. "नऊ दिवस आपण त्यांचंच लॉन शिंपलं रे! जाऊ दे. सोडून देऊ."

"सोडून?" ढब्बू उसळला. "मग मी एवढे जिने काय हवा खायला चढलो?"

मुंगीला हसू आलं. तिने नाक पुसलं. "बरं. पाइप तोडायचा नाही. फक्त त्याचं तोंड तळ्यातून उचलायचं."

सकाळी परीक्षकबाई आल्या. "बघा, नळाचा थेंबही नाही!" म्हणत सेक्रेटरीकाकांनी ऐटीत पाइप धरला. पाणी उडालं, गुडगुडलं आणि... फुस्स!

"मोटार बंद करा! बघू तरी कुठे अडलंय," म्हणत बाई पाइपच्या मागोमाग निघाल्या.

"तिकडे चिखल आहे हो!" काका धावले. पण बाई पोचल्यासुद्धा! पाइपचं तोंड रिकाम्या बादलीत होतं आणि शेजारी तीन मुलं एकमेकांना टेकून बसली होती. माळीकाका झाडाकडे असे निरखून बघत होते, जणू आजच पाहिलं!

मुंगीने भाषण पाठ केलं होतं. पण थकव्याने ती सगळं विसरली. "बाई, बादलीतलं पाणी आमचं होतं," ती एवढंच म्हणाली. "तळ्यातलं या बेडकांच्या पिल्लांचं आहे. लॉनसाठी ते रोज उपसतात."

प्रोफेसरने तारीखवार नोंदींची वही पुढे केली. बाई गुडघ्यांवर बसून पाण्यात बघत राहिल्या. "अरे, मागचे पाय फुटलेत यांना!" त्या उठल्या आणि फॉर्मवरच्या शंभरावर काट मारली.

"अहो, मला खरंच वाटलं, नळ बंद म्हणजे पाणी वाचलं," सेक्रेटरीकाका पडेल आवाजात म्हणाले.

"बक्षीस वसाहतीला नाही," बाई म्हणाल्या. "शाबासकी मात्र या तिघांना. मोठ्यांना कळलं नाही ते यांना कळलं!"

खिडक्याखिडक्यांतून टाळ्या पडल्या. सेक्रेटरीकाकांनीही वाजवल्या. "चुकलो रे बाळांनो! पाइप आजच काढतो. आणखी काय करू, सांगा."

मुंगीने डोळे मिटूनच उत्तर दिलं. "टाळ्या पुरेत, काका. चौथ्या मजल्यावर दोन बादल्या भरून ठेवल्यात. तेवढ्या आणा. आज माझ्याच्यानं होत नाही."

सेक्रेटरीकाकांनी बाह्या वर सारल्या आणि ते जिना चढायला लागले.