वाळूत हरवलेला माग

"उडालं की काय ते?" एलिसेओ ओरडला.

"कासव कधी उडतं का रे, येड्या?" यारेत्सी म्हणाली खरी, पण तिलाही काही कळेना! कासव समुद्रातून वर आलं होतं, वाळू उकरून त्यानं अंडी घातली होती, परतही फिरलं होतं... आणि अर्ध्या वाटेवर माग एकदम संपला होता! तिथून पुढे नुसते चाकांचे रुंद पट्टे. तेही पाण्याकडे नव्हे, रॉकेटकडे!

दोघं मावसभावंडं सुट्टीत टेक्सासच्या टोकाला आजोबांकडे आली होती. आजोबा इथले जुने कोळी. पेलिकन कंपनी त्यांच्या डोळ्यांदेखत एका तंबूत सुरू झाली, आणि आता तिचं रॉकेट अवकाशात जाऊन उभंच्या उभं परत उतरायचं! आज त्याच रॉकेटच्या इंजिनांची चाचणी होती, म्हणून किनारा रिकामा करायचा होता.

"पण रॉकेटवाल्यांना कासव कशाला हवंय?"

"सूप करायला!"

"गप रे!" यारेत्सीनं मागाचा फोटो काढला, तोच आजोबांचा हॉर्न वाजला.

नाक्यावर ट्रॅव्हिस पहारेकरी हात पुढे करून उभा होता. बाहेरून आत गेलेल्या प्रत्येक गाडीला पिवळा बिल्ला मिळे, आणि शेवटचा बिल्ला परत आल्याशिवाय रॉकेटमध्ये इंधन भरायचं नाही, असा नियम होता.

"काका, तुमच्यापैकी कुणीतरी कासव नेलंय!" यारेत्सी गाडीतूनच म्हणाली.

"सकाळीच किनारा तपासलाय. कासव-बिसव काही नाही. बिल्ला दे."

यारेत्सीनं आरशावरचा बिल्ला काढला आणि त्यावर चक्क बसली!

"आधी शोधा, मग देते."

"यारेत्सी!" आजोबा कडाडले. "किनाऱ्यावर यायचा माझा पास जाईल! मग मासे काय तुझ्या दप्तरात धरू?"

"धरा!" तिला रडूच फुटलं. "पण ते तिथे भाजून मरेल, आजोबा!"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि गाडी बंद केली.

वायरलेसवर नुसता आरडाओरडा सुरू झाला. शेवटी चाचणीप्रमुख हॅडलीबाई तणतणत आल्या. फोटो पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही चाकं तर आपलीच!" नाक्यावर रॉकेटकडून परतणाऱ्या कामगारांची बस उभी होती. बाई तिच्यात शिरल्या. "कासव कुणी उचललं?"

ब्रेडी नावाचा नवा इंजिनिअर पांढराफटक पडला. "मला वाटलं, बिचारं वाट चुकलंय! डॉक्टरकडे नेणार होतो. तेवढ्यात कामाला बोलावलं, आणि मी साफ विसरलो..."

"गाडी कुठाय?"

"रॉकेटच्या बाजूला."

मग काय, एकच पळापळ! ओल्या पोत्यात गुंडाळलेलं कासव किनाऱ्यावर आलं. वाळूवर ठेवताच ते तुरुतुरु निघालं आणि लाटेत शिरलं.

"रॉकेट परत आणायला आम्ही वर्षानुवर्षं घालवली," हॅडलीबाई हसून म्हणाल्या, "आणि ते थांबवायला या पोरीला नुसतं बसायला लागलं! शाबास गं!"

"आणि माझा पास?" आजोबांनी हळूच विचारलं.

"तुमचाच आहे."

आजोबांची टोपी चर्चशिवाय कुठे म्हणून उतरत नसे. ती त्यांनी काढली आणि नातीच्या डोक्यावर ठेवली.