पंज्याची पकड

घोडेवाल्याला रीतभातच नव्हती. दुसऱ्याच्या मशीनवर नाणं टाकून खेळायचं नाही, हे खेळाची मशीनं लावायच्या या धंद्यात काल आलेल्यालाही कळतं. खेळायचं ते गिऱ्हाइकानं. मशीनवाल्यानं मशीनवाल्याच्या काचेत डोकावणं म्हणजे शेजारणीच्या चुलीवरचं झाकण उचलून बघणं! आणि हा बाबा दर आठवड्याला, भर दुपारी, बोटीच्या धक्क्यावर उतारूंच्या बसायच्या खोलीत यायचा आणि मालकीणबाईंच्या नाकावर टिच्चून त्यांच्याच पंज्याच्या मशीनमध्ये नाणं सारायचा.

काचेची उंच पेटी, तळाला कापडी अस्वलं, ससे, बदकं आणि वरून लोंबणारा लोखंडी पंजा. दांडा फिरवून पंजा अस्वलावर न्यायचा, बटण दाबायचं. पंजा खाली येतो, अस्वलाला कवटाळतो, वर उचलतो... आणि अर्ध्या वाटेत सोडून देतो. सोडणारच. पकड किती सैल ठेवायची ते मालकाच्या हातात असतं, आणि मालकीणबाई काही दानधर्माला बसल्या नव्हत्या.

पहिल्यांदा त्यांनी त्याला पकडलं तेव्हा त्या तिथे नुसत्या काच पुसायला गेल्या होत्या.

“काय हो, माझी पकड जोखायला आलात?”

तो दचकला नाही. स्वतःचे नाण्यावर डुलणारे घोडे दुकानादुकानांबाहेर उभे करणारा माणूस. हाताला कायम वंगणाचा वास, आणि डोळे असे की हसतोय की नाही ते कळू नये.

“छे हो. अस्वल न्यायला आलो.”

“ते सुटणार, हे तुम्हाला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे की.”

“मग?”

“मग तुम्ही माझ्यावर चिडून इतकं बोलता ना...” त्यानं दांडा अलगद सोडला. “एरवी आठवडाभर माझ्याशी कुणी एवढं बोलत नाही.”

मालकीणबाईंनी तोंड फिरवलं. या वयात कान तापावेत म्हणजे काय! हवा दमट होती म्हणून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण पुढच्या आठवड्यात त्या दिवशी काच दोनदा पुसली गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात केसही नीट विंचरले गेले. तो खेळायचा, त्या मागे उभ्या राहून टोमणे मारायच्या, आणि काचेत दोघांचे चेहरे एकमेकांशेजारी दिसायचे. तिथे बघितलेलं कुणाला कळत नाही... दोघंही तिथेच बघायचे.

बाकी आठवडा मात्र लांबच लांब. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा परगावी. सून फोन करायची, “आई, जेवलात ना?” “जेवले,” म्हणायचं, मग उभ्याउभ्याच चार घास गिळायचे. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आणलेली मशीनं असायची. त्यातलं एखादं चालू केलं की दिवे लुकलुकायचे, गाणं वाजायचं, घर भरल्यासारखं व्हायचं. बटण बंद केलं की शांतता अशी अंगावर यायची की बाई पुन्हा बटण दाबायच्या. दुरुस्त झालेलं मशीनसुद्धा दोन दिवस जास्त ठेवून घ्यायच्या. म्हणायच्या, “अजून जरा खरखरतंय.”

मशीनवाल्यांची बैठक चहाच्या दुकानात भरायची. कुणाचं मशीन कुठल्या जागी, हे तिथेच ठरायचं. धंदा सोडणाऱ्यानं आपल्या जागा तिथेच वाटून द्यायच्या, असा नियम. त्या दिवशी घोडेवाला उठला. कपातला चहा तसाच होता.

“मी घोडे विकतोय. लेक बोलावतेय. उद्या ट्रक येईल.”

मग त्यानं जागा वाटल्या. बाजारातली गाणेवाल्याला, शाळेजवळची दुसऱ्या कुणाला. आणि दवाखान्यासमोरची, जिच्यावरून तो आणि मालकीणबाई वर्षानुवर्षं एकमेकांचं डोकं खात आले होते, ती मालकीणबाईंना.

“वा! आक्का, नशीब काढलंत!” गाणेवाला ओरडला. गावात गाण्यांची मशीनं त्याची, आणि बातम्याही त्याच्याच.

बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. “मला नको कुणी टाकून दिलेली जागा,” म्हणाल्या, आणि शाल सावरत निघाल्या. दारात वळून बघायचं नव्हतं. बघितलं. तो कपाकडे बघत होता.

घरी आल्यावर त्या सरळ पलंगावर बसल्या. ‘थांबा’ म्हणायचं. एकच शब्द, पण तो त्यांना म्हणता येईना. आयुष्यभर माणसांना झाडलं होतं, कुणाला थांबवलं नव्हतं.

दुसरा दिवस त्याचा खेळायचा. सकाळीच बाई धक्क्यावर गेल्या, मशीनचं मागचं दार उघडलं, पान्यानं नट ढिला केला आणि पकडीचा स्क्रू फिरेल तेवढा आवळला. एवढी घट्ट पकड कुठलाही मशीनवाला ठेवत नाही. गिऱ्हाईक म्हणेल, नशीब. तो मात्र हात लावताच ओळखेल... ओळखायलाच हवं त्यानं!

दुपार झाली. तो आला नाही.

आली एक बाई, बोटीची वाट बघणारी. पहिल्याच नाण्यात ससा. मग तिची बहीण, तिला अस्वल. मग काय, धक्काभर बोंब झाली! रांग लागली. पंजा खाली जायचा, गच्च धरायचा, सोडायचं नाव नाही. बदकं गेली, ससे गेले. मालकीणबाई बाकावर बसून दाराकडे बघत राहिल्या. स्क्रू सैल करायला किती वेळ लागतो? पण सैल केला आणि तेवढ्यात तो आला तर?

गाणेवाला धावत आला. “आक्का, मशीन येडं झालंय! लुटताहेत तुम्हाला!”

“लुटू द्या. तुम्ही तुमचं गाणं वाजवा.”

“बरं नाही का तुम्हाला?”

“जा म्हणते ना!”

तो गेला, आणि अर्थातच जिथे बोलायचं तिथे बोलला. उन्हं कलली, पेटी रिकामी झाली, रांग पांगली, बोटही सुटली. तेव्हा घोडेवाला आला. हत्यारांची पिशवी काखेत, श्वास फुललेला, अंगाला ट्रकमधलं गवत चिकटलेलं.

“घोडे चढवत होतो... गाणेवाला म्हणाला तुमचं मशीन बिघडलं. थांबा, दोन मिनिटांत करून देतो.”

बाईंनी किल्ली दिली. तो वाकला, आत हात घातला... आणि तसाच राहिला. नटावर पान्याचा ताजा ओरखडा होता.

“हे आपोआप होत नाही,” तो हळूच म्हणाला.

“नाही होत.”

“तुम्ही आवळलंत?”

“मग काय बोटीच्या कप्तानानं?”

“कुणासाठी?”

बाई काचेकडे बघायला गेल्या. आज त्यानं काचेकडे बघितलं नाही. तो सरळ त्यांच्याकडेच बघत होता. बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.

“लेकीला शब्द दिलाय मी,” तो म्हणाला. “तिनं खोली रंगवून ठेवलीय. आणि इथे... इथे मला राहा म्हणणारं कोण आहे?”

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आवाज नेहमीसारखा खणखणीत निघाला:

“तुम्ही अगदी मंद माणूस आहात, घोडेवाले. लेकीला भेटायला जा, महिनाभर राहा, नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरवा. पण तिथे कायमचे राहिलात तर कोपऱ्यातली छत्री व्हाल. पाऊस आला तरच आठवण. तुम्ही कुणाच्या रंगवलेल्या खोलीत राहायच्या लायकीचे नाहीच. तुम्ही माझ्या घरात राहायच्या लायकीचे आहात. जा, त्या ट्रकवाल्याला सांगा, घोडे खाली घे म्हणून.”