उलटा वारा

अरे, हात काढ त्या झाकणावरून! भाजून घ्यायचंय का? रेडिएटर थंड व्हायला वेळ लागतो. एसी लावून घाट चढायची हौस तुमची, आता बसा गुपचूप कठड्यावर. आणि मघाशी काय म्हणालास रे तू? 'ड्रायव्हरनेच काहीतरी केलं असणार'? तो बिचारा अंधारात पाणी शोधायला गेलाय, आणि तू इथे बसून निकाल देतोस! मग ऐकाच. माझ्या साडूची गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

साडूचं गॅरेज. हात चांगला, पण 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या जिभेवर कधी आलेच नाहीत. त्याच्याकडे एका डॉक्टरीणबाईंची गाडी यायची. ड्रायव्हर होता तात्या. गाडीला लेकीसारखं जपायचा. खिशात कायम निळ्या चौकड्यांचा रुमाल, त्यानेच काच पुसायची, त्यानेच घाम.

एकदा साडूने त्या गाडीला रेडिएटरचा नवा पंखा बसवला. आठवड्याभरात तात्या परत दारात. "एसी लावला की इंजिनच्या गरमीचा काटा वर चढतो हो. बंद केला की खाली येतो."

एसी लावला की पंखा सुरू होतो, म्हणून साडूने एसी लावला, वाकून बघितलं. पंखा गरगर फिरतोय. "पंख्याला काही झालेलं नाही," म्हणाला.

तात्याने रुमाल काढून पुढच्या जाळीसमोर धरला. पंखा बाहेरचा वारा आत ओढतो ना? मग रुमाल जाळीला चिकटायला हवा. हा तर बाहेरच्या बाजूला फडफडत होता. "हे बघा की जरा," तात्या म्हणाला.

साडूने बघितलंच नाही. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर म्हणतो कसा, "आता तू मला शिकवणार होय?" गिऱ्हाइकं हसली. तात्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

पुढच्याच महिन्यात भर रस्त्यात वाफा निघाल्या आणि इंजिन बसलं. बाई भडकल्या. साडूने सरळ तात्यावर खापर फोडलं. "पाणी बघत नाही हा. काटा वर गेला तरी दामटत राहतो." तात्याने दोनदा तोंड उघडलं, पण बाईंनी ऐकून घेतलं नाही. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं.

आणि मग गाडी दुरुस्त करताना साडूला दिसलं. पंख्याच्या दोन वायरी त्याने स्वतःच अदलाबदल करून जोडल्या होत्या. पंखा फिरत होता, पण उलटा! आत ओढायच्या ऐवजी वारा बाहेर ढकलत होता. साडूने इकडेतिकडे बघितलं, वायरी नीट लावल्या आणि तोंड शिवून टाकलं. गाडी झकास पळायला लागली. लोक म्हणाले, बघा, ड्रायव्हर गेला आणि गाडी सुधारली.

तात्याला 'गाडीजाळ्या' नाव पडलं. कोणी चावी हातात देईना. तो दिसला की साडू गल्ली बदलायचा. त्याच थंडीत तात्या झोपेत गेला. साडू शेवटच्या दर्शनालाही गेला नाही. कुठल्या तोंडाने जाणार होता?

हं. आता मागचा एप्रिल. दुसरा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. बाईंची गाडी सर्व्हिसिंगला आली होती. त्यांना पहाटे परगावी निघायचं, म्हणून साडू स्वतःच पोचवायला निघाला. उकाडा मरणाचा. एसी लावला, गाणी लावली, स्वारी मजेत. पुलाजवळ सहज लक्ष गेलं.

काटा वर.

एसी बंद केला, काटा खाली. पुन्हा लावला, वर. गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवून बोनेट उघडलं. तो बाजूला उभा राहून वाकला. पंखा फिरत होता.

मग समोरून हात आला.

जाळीसमोर, अंधारात कोणीतरी उभं होतं. चेहरा दिसत नव्हता. दिव्यांच्या उजेडात फक्त हात. आणि हातात… निळ्या चौकड्या.

रुमाल जाळीसमोर आला.

फडफडला. बाहेरच्या बाजूला.

साडू एक पाऊल मागे सरकला. हात तसाच. वाट बघत असल्यासारखा…

"दिसलं?"

एवढंच. रागावून नाही रे. कामाचं विचारावं तसं.

साडूने… पहिल्यांदा बघितलं. नीट बघितलं. "दिसलं," म्हणाला. "माझं चुकलं, तात्या."

हात मागे सरला.

त्याने बोनेट खाली ओढलं. समोर मोकळा रस्ता. आत बसला तर एसी चालू, आणि काटा जागेवर.

बाईंच्या फाटकाशी गाडी बंद केली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. वायरी, खोटं बोलणं, सगळं. बाई पायरीवर बसल्याच. हळूच म्हणाल्या, "मला म्हणाला होता तो, 'बाई, एकदा जाळीसमोर उभ्या राहून बघा.' मी काचसुद्धा खाली केली नाही हो." आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं.

रुमाल जाळीला चिकटलेला होता. सपाट. इंजिन बंद, पंखा बंद. साडूने ओढला, निघेना. आतून कोणी धरल्यासारखा.

बाईंनी परगावी जाणं रद्द केलं, आणि उजाडल्यावर दोघं त्याच गाडीतून तात्याच्या लेकीकडे गेले. साडूने दारातच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुझ्या बाबांची काही चूक नव्हती. माझी होती." पोरगी म्हणाली, "हे बाबा असताना बोलला असतात तर?" साडूला मान वर करता येईना. मला सांगतानाही येत नव्हती.

मग ती गाडीपाशी आली. तिने नुसतं बोट लावलं आणि रुमाल अलगद तिच्या हातात आला. तिने तो उलटून बघितला. कोपऱ्यात तिनेच घातलेला टाका होता.

"हा मी त्यांच्या खिशात ठेवला होता," ती म्हणाली. "त्यांना नेताना."

रुमाल ओला होता. घामाने.