डाळमिलच्या पत्र्यावरचा मुदखेडकर

पत्र्यावरून भुसा सांडला तो थेट दिपालीच्या ओल्या केसांवर. ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. भिंतीपलीकडे, डाळमिलच्या पत्र्यावर, हातात पाना घेतलेला एक तरुण ओशाळून उभा होता.

"माझ्या डोक्यावर तूर पेरून राहिलात का?"

"चुकून झालं... पर ऊन चांगलं हाय. उगवंल."

हसू लपवायला तिनं ओढणी झटकली, तर तिच्यातूनही भुसाच उडाला.

लातूरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या त्या वस्तीत भुसा सगळीकडे होता – घागरीत, उशीवर, दिपालीच्या आईच्या छातीत. आई, पारूबाई, वस्तीतल्या बहुतेक बायकांसारखी त्याच मिलमध्ये डाळ निवडायची. दिपाली एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. आईचाही तिनंच काढला होता.

पत्र्यावरचा तो रविकांत, मुदखेडहून नुकताच आलेला फिटर. त्यानंतर रोज सकाळी पत्र्यावर त्याचं काहीतरी काम निघू लागलं.

"आज काय बिघडलं?"

"पत्र्याचं काही न्हाई. माझंच..." एवढं म्हणून तो पाना पुसत बसे.

एका सकाळी मात्र ती हसली नाही. आई पहाटेपासून धापा टाकत होती.

"हा भुसा थांबतच नाही का?"

"थांबतो की. धूळ धरायच्या पिशव्या फाटल्यात. मालकाला लई डाव सांगितलं. हंगाम संपू दे म्हणतेत."

"आणि तुम्ही मशीन चालवताच?"

तो पाना घेऊन खाली उतरला. रागावला वाटतं... तिला चुटपुट लागली. तेवढ्यात मिलची घरघर थांबली.

"पिशव्या बदलल्याबिगर मी बटन दाबणार न्हाई." भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला.

मालकानं त्याला तिथंच कामावरून काढलं.

दिपाली घरोघरी धावली, मिलच्या फाटकावर चला म्हणाली. बायका कचरल्या, हातचं काम गेलं तर? तेव्हा पारूबाई पदर खोचून उठली. "दमच राहिला न्हाई तर पगार कशाला?"

मग एकेक दार उघडत गेलं. सगळ्या जणी मिलच्या फाटकासमोर बसल्या. तुरीचे ट्रक रस्त्याच्या टोकापर्यंत खोळंबले. ऊन कललं तरी कुणी हललं नाही. शेवटी मालक बाहेर आला. नव्या पिशव्या बसेपर्यंत मिल बंद, रोजगार मात्र बुडणार नाही, म्हणाला.

"आन् फिटर?" पारूबाईनं विचारलं.

"तोही राहील."

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविकांत गर्दीतून वाट काढत आला, पारूबाईला "जयभीम, मावशी" म्हणाला आणि दिपालीशेजारी उभा राहिला.

"काम गेलंच असतं तर?" तिनं हळूच विचारलं.

"मुदखेडला गेलो असतो... पर तुम्हाला विचारून."

"काय विचारून?"

"संगं येता का, म्हणून."

तिचा चेहरा तापला. "आता जायचं नाही. म्हणजे विचारणारच नाही?"

"विचारतो की..." तो काहीतरी पुटपुटला. शेजारच्या पार्वतम्मांनी कान टवकारले.

"मोठ्यानं विचारा," दिपाली म्हणाली. "आज मिल बंद आहे."

त्यानं एक लांब श्वास घेतला. "माझ्याशी लगीन करता का?"

फाटकापासून शेवटच्या ट्रकपर्यंत सगळ्यांच्या माना वळल्या. दिपालीनं त्याचा ग्रीस लागलेला हात हातात घेतला.

"हाव," ती म्हणाली, आणि तेही सगळ्यांना ऐकू गेलं.