आल्यागेल्यांची माहिती

"मशीन कुठे ठेवू?" दारातून आत येत त्याने विचारलं, आणि उत्तर यायच्या आत ते तिच्या टेबलावर ठेवलंही. तिच्या वहीवर, पेनावर आणि अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदावर.

"ठेवलंत की," ती म्हणाली.

"हात भरून आले होते हो... खाली काही होतं का?"

"होतं. आता नाहीये."

त्याने मशीन एका बाजूने उचललं, खालचं सफरचंद पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. बाहेर बारीक भुरभुर होती. अंगातलं जाकीट काढून त्याने मशीनवर पांघरलं होतं आणि स्वतः मात्र केसांपासून निथळत होता. हसू येऊ नये म्हणून तिने फडकं शोधायला मान वळवली.

आतल्या खोलीतून मामा आला. खिळखिळ्या मशीनचा आवाज ऐकला की तो जेवणावरूनही उठायचा. "काय म्हणतंय?"

"मधेच टाका सोडतं. आमच्या शिवणवर्गातलं आहे. असंच आणखी एक आहे, ते परवा आणतो. मी शिकवतो तिथे."

"म्हणजे मास्तर," मामा म्हणाला आणि मशीन घेऊन आत गेला. मामाने एकदा नाव ठेवलं की ते चिकटायचं.

दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनला नावाची चिठ्ठी बांधायची पद्धत होती. तिने चिठ्ठी पुढे ओढली. "नाव?"

त्याने सांगितलं. दुसऱ्या अक्षरापाशी तिचं पेन थांबलं. हे नाव तिने त्याच सकाळी वाचलं होतं.

सकाळी ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकाकानांची मापं घ्यायची आणि दुपारनंतर इथे, आईच्या दुकानात बसायची. आईला जाऊन चार महिने झाले होते. शिवणाची मशीनं दुरुस्त करणं हा आईचा आणि मामाचा धंदा. पण आईचा आणखी एक संसार होता. सहा वर्षं ती मशीनांविषयी ब्लॉग लिहीत होती. स्वतःचं नाव नाही, पत्ता नाही, फोटो नाही, नुसतं 'मशीनवाली बाई'. कुठून कुठून लोक प्रश्न विचारायचे आणि बाई उत्तरं द्यायच्या. त्या बाईंची मेल आता मुलगी उघडत असे. सकाळी त्यात हे आलं होतं:

"बाई, नमस्कार. तुमच्या पानावर लिहिलंय त्याप्रमाणे माझी सगळी माहिती आणि सगळे प्रश्न पुसावेत ही विनंती. कारण विचारणार नाही असं तुम्हीच म्हटलंय, तरी सांगतो. आता मी शिवण शिकवतो. वर्गातल्या बायकांनी माझा तीन वर्षांपूर्वीचा पहिला प्रश्न शोधून काढला आणि मोठ्याने वाचला. सुई उलटी बसवून पंधरा दिवस मशीनला शिव्या दिल्या होत्या, तो. तुम्ही मला 'उलटा दोरा' म्हणायचात, आता अख्खा वर्ग म्हणतो. तुमचंही चार महिने उत्तर नाही. कंटाळला असाल. तेव्हा पुसलंत तर बरं."

"काही चुकलं का?" समोरून त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि नाव पूर्ण केलं.

वाचकांच्या माहितीचं काय करणार, हे सांगणारं एक पान ब्लॉगवर असावंच लागतं. लोक ते दुसऱ्याचं बघून उतरवतात. आईने स्वतः लिहिलं होतं, 'आल्यागेल्यांच्या माहितीविषयी':

"तुम्ही प्रश्न विचारलात की तुमचं नाव आणि मेलचा पत्ता माझ्याकडे राहतो. तो मी कोणाला देणार नाही, विकणार तर नाहीच. जे ज्यासाठी सांगाल, ते त्यासाठीच वापरीन. कुकी नावाची एक गोष्ट तुमच्या कॉम्प्युटरवर बसते. घाबरू नका. शिंपी कापडावर खडूने करतो तशी ती खूण आहे, पुढच्या खेपेला नाव परत लिहावं लागू नये म्हणून. नको असेल तर झटकून टाका, शिवण उसवणार नाही. माहिती पुसा म्हणालात तर आठ दिवसांत पुसीन. का म्हणून विचारणार नाही, मन वळवणार नाही, प्रत ठेवणार नाही. पाहुण्याची चप्पल आपल्या दारात असते म्हणून ती आपली होत नाही."

संध्याकाळी घरी तिने त्याचे प्रश्न काढले. चव्वेचाळीस होते. त्रेचाळिसांखाली आईची उत्तरं. आणि ब्लॉगची रचना अशी, की प्रश्न पुसला की खालचं उत्तरही जायचं.

आधी प्रश्न फक्त टाक्यांचे होते, सगळ्यांना दिसणारे. मग 'फक्त बाईंसाठी' अशी खूण केलेल्या प्रश्नांत त्याला लहानपणापासून वाढवणाऱ्या मावशीचे गुडघे आले, तिला चढवत नसलेला जिना आला, ठरलेलं लग्न मोडल्याचं आलं. त्याखाली आईने लिहिलं होतं: "लग्न मोडलं म्हणून मशीन बंद ठेवू नकोस. दोन्ही गंजतात, मन आणि मशीन. मशीनला निदान तेल घालता येतं." हे असं आई घरी कधी बोलली नव्हती. घरी 'जेवलीस का', 'छत्री घेतलीस का', एवढंच. अठ्ठाविसाव्या उत्तरात तर— "माझी मुलगी रागावली की भांडत नाही, कपाटं आवरायला घेते. घर लख्ख दिसलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय."

त्रेचाळिसावं उत्तर दवाखान्यातून लिहिलेलं होतं. "उशीर झाला. जरा आडवी आहे. बॉबिन काढून आतली जागा पुसून बघ." पुढे त्याचा चव्वेचाळिसावा प्रश्न: "बाई, बऱ्या आहात ना?" त्याखाली काही नव्हतं.

आठ दिवस आहेत, तिने मनाशी म्हटलं. आज कशाला.

*

तिसऱ्या दिवशी तो दुसरं मशीन घेऊन आला. या खेपेला दारातच थांबला. "परवानगी असेल तर ठेवतो. सफरचंद नाही ना?"

"आज खाऊन घेतलं. तुमचा भरवसा नाही."

"तुम्ही शिवता का?"

"बटण. तेही मामा लावतो."

"बटण लावणारा मामा, आणि भाची काय करते?"

"भाची बघते," ती म्हणाली. "तुमचा चष्मा डावीकडे कलतो, हे पहिल्या दिवसापासून बघतेय. द्या इकडे."

त्याने चष्मा काढून दिला. काडी तिने बोटांच्या उबेत धरली, हलकेच वाकवली, काचांना फडकं मारलं. चष्म्याशिवाय त्याचे डोळे लहान मुलासारखे उघडे दिसत होते आणि नेमके तिच्याकडेच लागले होते.

"मला आत्ता काहीच दिसत नाहीये," तो म्हणाला.

"मग इतकं रोखून काय बघताय?"

"अंदाज घेतोय..."

तिने चष्मा त्याच्या हातात न देता सरळ नाकावर बसवला. रोज दुकानात वीस जणांना ती असाच बसवायची. पण एकविसाव्याच्या कानामागे बोटं क्षणभर जास्त राहिली. आतून मामा खोकला. मामाला खोकला नव्हता.

पाचव्या दिवशी त्याचं काहीच काम नव्हतं. "मशीनं झाली का, बघायला आलो," तो म्हणाला. तासभर बसला. वर्गातल्या बायकांच्या नकला केल्या. ती हसली, आणि हसता हसता तिला आठवलं की यांतल्या अर्ध्या बायका त्याच्या प्रश्नांतून तिला आधीच माहीत आहेत. तो नवीन म्हणून सांगत होता आणि ती नवीन म्हणून ऐकत होती. रात्री तिने कपडे ठेवायचं कपाट आवरायला घेतलं.

सातव्या दिवशी दोन्ही मशीनं तयार होती. त्याने एकाची चिठ्ठी सोडली, खिशात ठेवली आणि रेंगाळला. "आज जरा लवकर निघायला हवं. घरी सामान वर न्यायचंय."

"मावशींना जिना चढवतो का आता?" तिने विचारलं.

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं. त्यालाही कळलं— पण थोड्या वेळाने, आणि ते कळणं त्याच्या चेहऱ्यावर उतरताना तिला पाहावं लागलं.

"मावशीचं मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"नाही सांगितलंत."

"मग?"

"मशीनवाली बाई माझी आई होती. चार महिन्यांपूर्वी गेली. तुमची मेल मी वाचली. आणि... सगळे प्रश्नही."

तो मशीनच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. "मला वाटलं, कंटाळल्या मला," तो अगदी हळू म्हणाला. "कधी वाचलीत मेल?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्या सकाळी."

"म्हणजे सात दिवस मी इथे बसून बोलतोय आणि तुम्हाला सगळं माहीत आहे. माझं लग्न का मोडलं तेसुद्धा."

"हो."

"ते मी बाईंना सांगितलं होतं. एकट्या बाईंना." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आणि पुसायचं?"

"उद्या आठवा दिवस. पुसते."

पुसलं की काय जाणार, ते तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, आत्ता, या रागातही. आईने लिहिलं होतं, मन वळवणार नाही. त्याने दोन्ही मशीनं दोन खेपांत बाहेर नेली. दुसऱ्या खेपेनंतर दार ओढून घेतलं, हळूच.

*

आठव्या दिवशी दुपारी ती कॉम्प्युटर घेऊन टेबलाशी बसली.

"काय काढलंयस?" मामाने विचारलं.

"आईचं एक काम राहिलंय."

मामा समोर स्टूल घेऊन बसला. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण उठला नाही. एकेक प्रश्न पुसायला लागत होता, आणि दर वेळी पडदा विचारायचा, नक्की ना? ती हो म्हणायची. प्रत तिने केली नाही. पुन्हा वाचलंही नाही. वाचलं असतं तर हात चालला नसता. अठ्ठाविसाव्याशी थांबली. मामाने तेलाच्या कुपीला बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ताई असती तर एव्हाना ओरडली असती," तो म्हणाला. "एका कामाला किती वेळ लावतेस म्हणून."

तिने हो म्हटलं. मग उरलेल्या सगळ्यांना.

त्याला तिने दोन ओळी लिहिल्या. "तुमची माहिती पुसली आहे. तुम्ही ज्यासाठी सांगितली नव्हती त्यासाठी मी ती वापरली, त्याची माफी मागते."

उत्तर आलं नाही. नववा दिवस गेला, दहावा गेला. चष्म्याच्या दुकानात तिने तीन लोकांना एकमेकांचे चष्मे दिले. घरातली सगळी कपाटं आवरून झाली.

अकराव्या दिवशी दार खांद्याने ढकलत तो आत आला. हातात मशीन, तिसरंच. ते जमिनीवर ठेवून तो तिच्यासमोर उभा राहिला. श्वास लागलेला.

"काल वर्गात बाईंचं एक उत्तर दाखवायला गेलो. दोऱ्याच्या ताणाचं. तर तिथे काहीच नाही. मी म्हटलं होतं, माझं पुसा. बाईंचं कुठे म्हटलं होतं?"

"तुमच्या खालीच तिचं होतं. तुमचं गेलं की ते जातं."

"सगळी? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?"

"हो."

"आणि तुम्ही प्रत—"

"प्रत ठेवणार नाही असं लिहिलंय."

"अहो, मग आधी सांगायचं ना! मी नको म्हटलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

तो स्टुलावर बसला. दोन दिवस राग धरून ठेवायचा प्रयत्न केला, तो म्हणाला, पण मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि त्यालाच झापलं. त्या मुलीची आई गेलीय आणि तू काय जिन्याचं घेऊन बसलास, असं.

"मावशींचं बरोबर नाही," ती म्हणाली. "चूक माझीच होती."

"होती. मावशीलाही तेच सांगितलं. त्यावरही झापलं." त्याने चष्मा सारखा केला. मग एकदम वर पाहिलं. "एक सांगू? बाईंनी उत्तर लिहिलं की मला त्याची मेल यायची. अख्खं उत्तर असायचं त्यात. मी एकही पुसलेली नाही."

तिने टेबलाची कड धरली. ब्लॉग अशा मेल पाठवतो हे तिला ठाऊक होतं. तरी आठ दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

"पाठवाल?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"नाही."

तिने मान हलवली. बरोबर होतं.

"त्यात माझी माहिती आहे," तो म्हणाला, आणि आता डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "ती कोणाला, किती आणि कधी द्यायची, ते मी ठरवणार. मी वाचून दाखवीन. रोज एक. वर्ग सुटला की इथे येऊन."

"त्रेचाळीस दिवस?"

"रविवारी वर्ग नसतो. जास्तच लागतील." तो फोन काढू लागला. "आज पहिलं—"

"आज नको," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. पण त्रेचाळीस जागच्या जागी आहेत, एवढं कळणंच आजच्यापुरतं फार झालं होतं. "आज तुम्ही सांगा काहीतरी. आईला न सांगितलेलं. मला म्हणून सांगितलेलं."

तो विचारात पडला. कानाच्या पाळ्या तांबूस झाल्या. "आहे एक. ताजंच आहे. हे जे मशीन आणलंय ना आज... त्याला काहीही झालेलं नाहीये."

"ते मी मशीन दारातून आलं तेव्हाच ओळखलं," आतून मामा म्हणाला. "खिळखिळलंच नाही. ठेवून जा मास्तर. दुरुस्तीला वेळ लागेल."

ती हसली. खूप दिवसांनी, आवाज करून. मग तिने एक कोरी चिठ्ठी काढली, दोरा ओवला, आणि जे मशीन बिघडलेलंच नव्हतं त्याला बांधायला खाली वाकली. दुसऱ्या बाजूने तोही वाकला.

"नाव?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. तिने ते अगदी सावकाश लिहून घेतलं.