हत्तीच्या केसाची अंगठी

पाऊस असा आडवा आला, की हनुमंतनं एम-एटी गाडी रस्त्याकडेला लावली आणि समोर दिसलं त्या दुकानात शिरला. दौंडच्या स्टेशन रोडवरचं बांगड्यांचं दुकान ते. आत सगळ्या बायका, आणि मधोमध खाकी कपड्यातला हा ओलाचिंब गडी.

"काय दाखवू? हिरव्या का लाल?" गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं. बायका फिदीफिदी हसल्या.

"न्हाई... पाऊस थांबला की जातो."

"पोलीस हाय का तुम्ही?"

"फॉरेस्ट गार्ड. शिरूरला."

"अगं बया! म्हंजी बिबटे धरता?"

त्या वर्षी शिरूरच्या उसात बिबटे उतरले होते. हनुमंतचा आजा गेणबा मेंढरांमागं रानात एकटा झोपायचा, लांडगा आला की नुसत्या काठीनिशी उठायचा. नातवाला मात्र उसाचं पान हललं तरी घाम फुटायचा. हे त्यानं आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. पण त्या मुलीचे डोळे बघितले आणि तोंडातून निघूनच गेलं -

"धरतो कसला... मलाच भ्या वाटतं."

ती हसली नाही. तिनं डबीतून एक काळी अंगठी काढली. "हत्तीच्या शेपटीचा केस हाय. लहान पोरांच्या गळ्यात बांधतात बघा, दचकू नये म्हणून."

"मी काय लहान पोर हाय?"

"हात करा पुढं."

तिनं काडी ओढून केसाचं टोक जरासं जाळून दाखवलं. जळक्या केसाचा वास आला. "हे बघा, नायलॉन न्हाई. सविताच्या दुकानात खोटं काही मिळत न्हाई." मग बांगडी भरावी तसं बोट अलगद दाबत तिनं अंगठी चढवली. पाऊस कधी थांबला, हनुमंतला कळलंच नाही.

त्यानंतर सुट्टी मिळाली की तो दौंडला. बहिणीसाठी म्हणून बांगड्या घ्यायचा.

"बहिणी किती हो तुम्हाला?" सविता विचारायची.

"एक... म्हंजी चुलत."

"हात लई नवलाचा दिसतोय तिचा. दर खेपेला माप बदलतं!"

आणि खरंच, अंगठी घातल्यापासून उसातली गस्त सोपी वाटू लागली होती.

मग पुण्याला ट्रेनिंग लागलं. वनखातं, पोलीस, कस्टम - सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. केनियाच्या वनखात्यातल्या एक बाई आल्या होत्या. चोरट्या शिकाऱ्यांनी मारलेला हत्ती त्यांनी पडद्यावर दाखवला. तोंडाच्या जागी नुसतं लाल भगदाड, शेपूट कापलेली. हनुमंतचे शिरूरचे साहेब मराठीत सांगत होते, "मारणारा एका देशात, माल नेणारा दुसऱ्यात, विकत घेणारा तिसऱ्यात. म्हणून सरकारांनी आपसात करार केलाय, एकमेकांना खबर द्यायची. दातच नाही, केसाची अंगठी विकणंसुद्धा आपल्याकडं गुन्हा आहे."

हनुमंतनं हात मांडीखाली दाबला. चहाच्या वेळेला बाई एकेकाशी हात मिळवत आल्या. त्याचा हात हातात घेतला, अंगठीवर नजर गेली... हात हळूच सोडून पुढं गेल्या. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"कुठनं घेतली रे?" मागनं साहेब.

"जत्रेत... कुठल्या, ते आठवत न्हाई."

थेट दौंड गाठलं त्यानं. सविता नेहमीसारखी हसली. त्यानं अंगठी काचेवर ठेवली आणि खाली बघतच सगळं सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "मी तर आल्या-गेल्याला काडी ओढून दाखवायची. खरा हाय म्हणून मिरवायची..." मग एकदम मान वर करून, "आन् तुम्ही माझ्यापायी खोटं बोललात?"

"तुमचं नाव कसं घेऊ? तुमच्यावर पोलीस केस हुईल."

"झाली तर हुईल. सविताच्या दुकानात खोटं मिळत न्हाई म्हणून सांगितलेलं ना?" तिनं उरलेल्या अंगठ्यांची डबी ओढणीत बांधली. "चला शिरूरला."

गाडीवर साऱ्या वाटेत तिनं हात फक्त डबीवर ठेवला होता. आरशात दोघांचे डोळे भेटले, की दोघंही नजर वळवत.

ऑफिसात हनुमंत साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला. "साहेब, जत्रेत न्हाई घेतली. मी खोटं बोललो."

सवितानं डबी टेबलावर ठेवली. "सोलापूरच्या गाडीनं माल घेऊन माणूस येतो. मंगळवारी येईल. मी दाखवते."

"तुला मेमो मिळणार, हनुमंत," साहेब म्हणाले. "आणि बाई, माल जप्त. तुमचंही नाव कागदावर येईल."

"येऊ द्या," ती म्हणाली.

मंगळवारी दौंड स्टेशनवर गाडी लागली. सवितानं ओढणीआडून बोट दाखवलं आणि साध्या कपड्यातल्या माणसांनी त्या विक्रेत्याला पिशवीसकट धरलं. त्याच्या तोंडून निघालेली नावं लगेच परराज्यांतल्या ऑफिसांना गेली.

गाडी सुटली, फलाट मोकळा झाला. हनुमंत बोटावरचा अंगठीचा पांढरा वळ चोळत उभा होता. मान अजून खालीच.

"आता भ्या वाटतं का?" सवितानं विचारलं.

"वाटतं."

"बिबट्याचं?"

"न्हाई... तुम्ही न्हाई म्हणाल, त्याचं."

ती त्या वळाला बोट लावून हळूच म्हणाली -

"हे बोट रिकामंच ठेवा. आमचे आबा सोयरीक घेऊन येतील... तवा अंगठीला लागंल."

तेव्हा कुठं हनुमंतनं मान वर केली.