ट्यूनर शोधताना

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी टेबलाखाली होते. एक स्क्रू घरंगळत गेला होता आणि मी गुडघ्यांवर रांगत तो शोधत होते. तेवढ्यात वरून कुणीतरी विचारलं, "जुने लॅपटॉप इथेच माणसात आणतात ना?" मी घाईघाईने उठले आणि डोकं टेबलावर आपटलं. तो हसला नाही. टेबलाकडे बघत म्हणाला, "भरीव लाकूड आहे. आवाज छान आला."

मला राग यायला हवा होता. पण हे कसलं बोलणं, याचंच कुतूहल जास्त वाटलं.

दुकान माझ्या मावशीचं. लोक दमलेले, रखडणारे कॉम्प्युटर आणून टाकतात, आणि आम्ही त्यांतलं सगळं पुसून एक मुक्त प्रणाली घालतो - जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही वापरावी अशी. त्याचा लॅपटॉप बहिणीने वापरून सोडलेला होता. तो स्वतः पियानो सुरात लावायचा. वडीलही तेच करायचे. मावशीने त्याच दिवशी त्याचं नाव सूरवाले ठेवून टाकलं.

पुढच्या गुरुवारी तो तक्रार घेऊन आला. इंटरनेटवरून एक ट्यूनर, म्हणजे सूर तपासणारा प्रोग्रॅम, उतरवला, पण तो उघडतच नाही. मी त्याला समजावलं की या प्रणालीत असं इकडून तिकडून गोळा करायचं नसतं. प्रत्येक प्रोग्रॅमचं एक पॅकेज असतं, आणि ही हजारो पॅकेजं एका मोठ्या भांडारात तपासून ठेवलेली असतात. आपण फक्त काय हवं ते सांगायचं, ते आपोआप येतं.

"मग सांगा की त्याला," तो म्हणाला आणि स्टूल उचलून टेबलाला वळसा घालून माझ्या डाव्या हाताला येऊन बसला.

मी शोधाच्या चौकटीत 'ट्यूनर' लिहिलं. भलीमोठी यादी आली. तो एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागला. हा टीव्हीचा... हा रेडिओचा... हा मशीनचा वेग वाढवणारा...

"आमच्या धंद्याचं नाव बऱ्याच जणांनी पळवलंय," तो म्हणाला.

मी म्हटलं, एका शब्दावर भागत नाही, जोडीला दुसरा द्यावा लागतो. 'वाद्य' हा शब्द घातला तशी यादी चारवर आली. त्यातल्या एकात सुई होती, सूर चढा असेल तर उजवीकडे झुकणारी, उतरता असेल तर डावीकडे. पण ते बसवायला घेतलं तर मशीनने विचारलं, यासोबत आणखी अकरा पॅकेजं लागतील, आणू का? इथे लोक घड्याळाकडे बघत 'हो' म्हणून मोकळे होतात. याने विचारलं, "अकरा? ती काय काय करतात?"

मग एक माइकमधून आवाज आत घेतो, एक त्याची कंपनं मोजतो, एक सुई रंगवतो... असं मी अकराही पॅकेजांचं सांगत बसले. कुणीच सगळं एकट्याने लिहीत नाही, ज्याने जे आधी करून ठेवलंय त्याच्यावर दुसरा आपलं उभं करतो, हेही सांगितलं. दुकानातल्या दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की जे विचारायचं होतं ते बोलता बोलता निसटून गेलं - ज्याचं पोट कानावर चालतं त्याला सुई कशाला हवी?

"सहज. बघायचं होतं," तो म्हणाला, आणि विषय बदलावा तसा खिशातून सूर जुळवायचा दोन दातांचा नादकाटा काढला, गुडघ्यावर वाजवला आणि त्याची दांडी माझ्या कोपराच्या हाडावर टेकवली. एक बारीक गुणगुण हाडातून खांद्यापर्यंत चढत गेली... आतल्या खोलीत मावशी उगाचच खाकरली.

त्यानंतर दर गुरुवार त्याचा झाला. एकदा त्याला आवाजाचं चित्र दाखवणारं काहीतरी हवं होतं. त्याचं तोच शोधत होता. 'वर्णपट' लिहिल्यावर आधी ताऱ्यांच्या प्रकाशाची पॅकेजं हाती लागली, मग कुठल्याशा रसायनांची, आणि तो प्रत्येकाचं वर्णन थांबून वाचत होता. भांडारात निरुद्देश हिंडायला आवडणारा दुसरा माणूस मला प्रथमच भेटत होता. स्टूल मात्र दर वेळी वळसा घालून माझ्या डावीकडेच यायचं. उजवीकडे खिडकी होती, ऐसपैस जागा होती.

"उजवीकडे काय काटे पेरलेत?" मावशीने एकदा मला विचारलं.

मला माहीत नाही म्हटलं. पण गुरुवारी सकाळी मी केस दोनदा विंचरायला लागले होते, आणि त्यातही डावी बाजू जरा जास्तच निगुतीने.

पाचव्या गुरुवारी मी एका गिऱ्हाइकाचं मशीन पोचवून परतले तेव्हा तो आधीच येऊन काम करत बसला होता. मी त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहून विचारलं, "सापडलं का?" त्याने मान वळवली नाही. मी पुन्हा विचारलं. तरी नाही. तेव्हा माझं लक्ष पडद्यावर गेलं. शोधाच्या चौकटीत लिहिलं होतं - 'श्रवण चाचणी'. त्याआधीचे शोध खाली दिसत होते. 'शुद्ध स्वर'. 'एकाच कानात'.

ट्यूनर, चित्र, स्टूल... सगळं एका झटक्यात उमगलं. आधी माझीच मला लाज वाटली. डावीकडे बसण्याचे मी काय काय अर्थ लावले होते. आणि मग वाईट वाटलं, त्याच्यासाठी.

मी त्याच्या उजवीकडे गेले. "डाव्या कानाने ऐकू येत नाही ना?"

त्याने पडद्यावर हात धरला. मग हळूच काढून घेतला.

डावा कान जवळजवळ गेलाच होता, आणि उजव्यातही अगदी वरचे सूर पुसट व्हायला लागले होते. वर्षानुवर्षं कानात बोळे न घालता एकेक पट्टी जोरजोरात ठोकल्याचं ते फळ होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, आहे ते जपा. हे त्याने बहिणीला सांगितलं नव्हतं, वडिलांना तर नाहीच. गावातल्या सभागृहातला मोठा पियानो त्यांच्याच घराने तीस वर्षं लावला होता. मागच्या कार्यक्रमानंतर वादकबाईंनी त्याला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात, वरचे सूर जरा बोचरे वाटले असं सांगितलं होतं. शनिवारी तो पियानो पुन्हा लावायचा होता.

"सुई बघून सूर लावायचा म्हणजे... फसवणूक वाटते हो," तो म्हणाला.

"चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण फसवा म्हणतो का?" मी म्हटलं. आणि मग, कुठून धीर आला कोण जाणे, "लॅपटॉप धरायला मी येते."

शनिवारी सकाळी सभागृहात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि वरच्या झरोक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे पडले होते. मधले सूर त्याने एकट्याने लावले, कानात बोळे घालून, डोळे मिटून. किल्ली खुंटीवर बसवायची, पट्टी दाबायची, मनगट केसभर हलवायचं... मी सुईकडे बघायचं विसरून त्याच्याकडेच बघत राहिले. मग वरच्या पट्ट्या आल्या. तिथे त्याला म्हणे लाकडाचा टकटकाट तेवढा ऐकू येत होता. आता मी बोलायला लागले. "खाली आहे... अजून जरा... थांबा. बसला." अर्धा तास असं चाललं होतं. रांगांच्या मधल्या वाटेत एक उंच म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिलेत, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"कितव्या पट्टीवर आलात?" त्यांनी मला विचारलं.

"शेवटून सहावी," मी सांगितलं. आणि त्याचा उतरलेला चेहरा पाहून ओळखलं की हे वडील आहेत.

ते पुढे आले. त्यांनी ती पट्टी दाबली, सुई पाहिली, पुन्हा दाबली. तो किल्ली हातात घेऊन उठून उभा राहिला आणि त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. कान, डॉक्टर, वादकबाई. वडील पियानोच्या कडेला टेकून उभे राहिले.

"तुझी आई प्रत्येक कामाला माझ्याबरोबर यायची, आठवतंय?"

"डबा घेऊन," तो म्हणाला.

"डबा काय, माझा मी नेला असता. वरच्या दोन सप्तकांना ती कान लावायची. शेवटची नऊ वर्षं. मला तिथलं काही ऐकू येत नव्हतं." ते पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "आम्ही दोघं कुणाला बोललो नाही. पण बोळे घालत जा, एवढं तरी मी तुला वेळेवर सांगायला हवं होतं. राहून गेलं रे."

त्याने वडिलांच्या दंडाला धरलं. मी दुसरीकडे बघायला लागले. थोड्या वेळाने वडिलांनी मला विचारलं, हे सुईचं यंत्र कुणालाही मिळतं का, आणि ते शोधायचं कसं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मी बाहेर उन्हात बसतो म्हणाले आणि गेले.

तो पुन्हा पियानोपाशी बसला. किल्ली खुंटीवर ठेवली, पण फिरवली नाही.

"सोमवारी संगीतशाळेत सहा पियानो लावायचे आहेत," तो म्हणाला. "याल?"

मला हो म्हणायचं होतं. पण खरं ते सांगावं असं वाटलं. मी म्हटलं, त्यासाठी माझी काही गरज नाही. लॅपटॉप समोर स्टुलावर ठेवला की झालं. सुई मोठी आहे, तुमची तुम्हाला दिसेल.

"माहीत आहे. सुई मला पहिल्या दिवसापासून वाचता येते."

"मग आज अर्धा तास मी..."

"तुम्ही 'अजून जरा' म्हणता ना, ते ऐकत होतो." त्याचे कान लाल झाले होते, दोन्ही. "वरचे सूर उद्या आणखी पुसट होतील. मला ते कुणापासून लपवायचं नाही, तुमच्यापासून तर नाहीच. पण तुम्ही यावं असं वाटतं ते सुईसाठी नाही... सुई नसती तरी वाटलं असतं."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. सुई वेड्यासारखी हलत होती. माइक माझ्या छातीच्या फार जवळ होता.

"आधी हे अहो-जाहो बंद कर," मी म्हटलं. "मग येते."

तो हसला. "ये," म्हणाला.

फक्त सहा पट्ट्या राहिल्या होत्या. त्या लावता लावता दुपार झाली.